दोनशे चोवीसनंतरचं पान

माझ्या बाबांना पुस्तक वाचताना मी कधी पाहिलेलं नाही. मोजताना मात्र रोज पाहिलंय. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला येईपर्यंत यांचा हात कपाटाकडे गेलेलाच असतो. पुस्तक काढायचं, आणि चार माणसांसारखं पहिल्या पानावर न उघडता पाठीतला दोरा दिसेल तिथे उघडायचं. मग पुढचा दोरा, मग त्याच्या पुढचा. ओठ हलत राहतात. शेवटी "बरोबर आहे" म्हणून पुस्तक जागेवर ठेवायचं. त्या घरच्या लोकांना वाटतं, माणूस भलताच व्यासंगी दिसतो. आई दातओठ खात बसते. एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, "उद्या लोकांच्या घरची भांडी मोजाल!"

"भांडी मी शिवलेली नाहीत," बाबा म्हणाले.

"आणि जगातली सगळी पुस्तकं काय तुम्हीच शिवलीत?"

यावर ते उठून गॅलरीत गेले. अडचणीचा प्रश्न आला की बाबा खोली बदलतात. आमच्या घराला दोनच खोल्या आणि एक गॅलरी, त्यामुळे त्यांची फार पंचाईत होते.

बाबा बाइंडर. निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. चव्वेचाळीस वर्षं ते एकाच छापखान्याच्या मागच्या खोलीत उभे होते. छापलेला मोठा कागद त्या खोलीत यायचा, त्याच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक जुडगा व्हायचा. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने एकावर एक घ्यायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता: बाइंडरने वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, आणि एकाचा हात थांबला की मागचे चौघे थांबतात. बाबांनी हा नियम इतका मनावर घेतला, की माझं प्रगतिपुस्तक सही करायला दिलं तरी गुण न बघता ते पिना नीट मारल्यात का ते बघायचे. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

बाकी त्यांचा एकच दोष. ते स्वस्थ बसत नाहीत. जेवताना दोनदा उठतात. बातम्या उभ्याने ऐकतात. बाजारातून येताना सरळ रस्ता सोडून तीन गल्ल्या जास्त फिरून येतात. कधी चुकून पाच मिनिटं खुर्चीत टेकले, तर आई कपाळाला हात लावून ताप बघते. मी हा स्वभाव समजत आले. काहींच्या पायाला भिंगरी असते, तसं. तो स्वभाव नव्हता हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तेच इथे सांगायचं आहे.

आमच्या देशात यादवी झाली तेव्हा आई नऊ वर्षांची होती. आमचं शहर नदीच्या काठावर, आणि तिथल्या पुलासाठी तीन दिवस लढाई झाली. आईचे वडील नावाडी. ती त्यांना आप्पा म्हणायची. पुलावर गोळ्या चालू असताना जखमींना इकडून तिकडे न्यायला होडीच उरली होती आणि होडी वल्हवायला आप्पाच उरले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पलीकडची तुकडी आमच्या काठावर उतरली आणि शहर पडलं. उजाडेपर्यंत शंभरावर माणसं गेली. शत्रू अलीकडे आला कसा, याची कुजबुज तेव्हापासून होती. पण युद्ध संपलं, लोकांना छपरं घालायची होती, पोरं वाढवायची होती, त्यामुळे कुजबुज कुजबुजच राहिली.

पुढे पंधरा वर्षांनी या लढाईवर एक पुस्तक निघालं. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांनी ते लिहिलं. त्यासाठी हा माणूस अकरा वर्षं दारोदार हिंडला होता. बाबांच्याच छापखान्यात ते छापलं, तीनशे प्रती. त्यांतल्या पहिल्या साठ आमच्या शहरात वाटल्या गेल्या: वाचनालयात, शाळेत, नगरपालिकेत, आणि ज्यांचं कुणी पुलावर गेलं त्यांच्या घरी. या साठ प्रतींत दोनशे चोविसावं पान असं संपत होतं: "तिसऱ्या दिवशी पहाटे शत्रूची तुकडी आपल्या काठावर उतरली ती पुलावरून नव्हे, होडीतून. होडी वल्हवणारा आपल्यातलाच होता. तो"

एवढंच. त्याच्या समोर पुन्हा दोनशे नववं पान सुरू व्हायचं. दोनशे नऊपासून दोनशे चोवीसपर्यंत सगळं दुसऱ्यांदा, आणि मग एकदम दोनशे एक्केचाळीस. मधली सोळा पानं नाहीतच.

आता तुम्हीच सांगा, शहरात नावाडी एक, पुस्तकात होडी एक. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचा थोरला भाऊ पुलावर गेला होता. त्याने ते पान दुकानाच्या काचेला चिकटवलं. आधी जे कानात बोललं जायचं ते आता छापून आलं होतं. वाक्य अर्धं असेना का. पानं गायब का, याचंही उत्तर लोकांनी शोधून ठेवलं: मास्तरांनी नाव लिहिलं होतं, मग कुणीतरी दम दिला, म्हणून ऐन वेळी पानं काढली आणि जाडी भरायला जुनीच पानं पुन्हा घातली. मास्तरांना विचारावं, तर ते पुस्तक आल्यानंतर दोन महिन्यांतच हृदयविकाराने गेले.

आप्पांना वाचता येत नव्हतं. ते घड्याळवाल्याच्या दुकानासमोर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "माझं नाव आहे का हो त्यात?" लोक म्हणायचे, "नाव नाही." आणि पुढे निघून जायचे. त्यांच्या होडीत बसणं आधी ओळखीच्यांनी सोडलं, मग सगळ्यांनी. एका सकाळी होडीच्या तळाला कुणीतरी भोक पाडलेलं सापडलं. मामा शहर सोडून गेला, तो आजतागायत आला नाही. आप्पा आणखी सहा वर्षं जगले. मी तेव्हा तीन वर्षांची होते. काठावर उलट्या घातलेल्या होडीवर बसलेला एक म्हातारा, एवढीच माझी त्यांची आठवण.

आईने या सगळ्याचा राग एका माणसावर काढला. मास्तरांवर. तिचं म्हणणं लोकांच्या बरोबर उलट होतं. तिच्या मते त्या सोळा पानांत आप्पा निर्दोष असल्याचं लिहिलं होतं, आणि मास्तर घाबरट, म्हणून त्याने ती काढून घेतली. जेवायला बसलो आणि विषय निघाला की तिचा पट्टा सुरू व्हायचा. "मेल्याला एवढं एक वाक्य पुरं करता आलं नाही. वर पोरांना शिकवायचा म्हणे!" भाजीत मीठ कमी पडलं तरी ती फिरून मास्तरांपाशी यायची. मी ते ऐकतच मोठी झाले. बाबा खाली मान घालून जेवायचे आणि मध्येच पाणी प्यायला उठायचे.

गेल्या वर्षी नगरपालिकेने जुन्या गोदामात लढाईचं संग्रहालय उघडायचं ठरवलं. सोबत मास्तरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची. मूळ पुस्तक कुठे मिळत नव्हतं. वाटलेल्या साठ प्रतींपैकी शहरात एकच शिल्लक होती, वाचनालयातली. तीच जशीच्या तशी छापायची, मास्तरांनी काढलेली पानं काढलेलीच ठेवायची, असा ठराव झाला. एक हजार प्रती.

त्या बातमीनंतर बाबांचं काहीतरी बिनसलं. सकाळी चपला घालून निघायचे ते दुपारी यायचे. अर्धं जेवून पुन्हा बाहेर. रात्रीची झोप उडाली ते आईच्या तोंडून कळलं. मग वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा मला ऑफिसात फोन आला. मी विमा कंपनीत काम करते, तिथे असे फोन आले की सगळे माना वर करतात. बाई म्हणाल्या, "तुमचे वडील रोज तीनदा येतात, तेच पुस्तक मागतात, उघडून बघतात आणि परत देतात. बोलत काही नाहीत. काल डोळे पुसत होते."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबा वाचनालयाच्या मागच्या बाकाजवळ सापडले. बाक रिकामा, आणि हे त्याच्याभोवती फेऱ्या मारतायत.

"बाबा, काय चाललंय?"

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"चाळीस वर्षं तेच करताय. अजून मोकळे झाले नाहीत?"

ते थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती पानं मास्तरांनी नाही काढली."

"मग कुणी काढली?"

"कुणीच नाही. माझ्या हातून राहिली."

मग ते सगळं बोलले, चालत चालतच. फर्मे गोळा करायची पद्धत अशी, की लांब टेबलावर पहिल्यापासून विसाव्यापर्यंत फर्म्यांचे ढीग ओळीने लावायचे आणि टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातला एक-एक उचलायचा. चौदाव्या फर्म्याचा ढीग फार उंच झाला होता, पडेल म्हणून बाबांनी त्याचे दोन ढीग केले. जागा पुरेना, तेव्हा पंधराव्याचा ढीग खाली स्टुलावर ठेवला. मग मास्तर आले. दोन दिवसांनी शाळेत समारंभ, साठ प्रती तरी हव्यातच. ते दारात उभे, बाबा टेबलाभोवती चालतायत. चौदा उचलला, पुन्हा चौदा उचलला, सोळा उचलला. साठ वेळा. फर्म्यांच्या घडीवर एक लहान काळी रेघ असते, प्रत्येक फर्म्यावर थोडी खाली. सगळे नीट लागले की पाठीवर रेघांची शिडी दिसते, आणि एखादा चुकला की पायरी तुटते. शिवण्याआधी ही शिडी बघायचीच असते. त्या दिवशी बाबांनी ती बघितली नाही.

"कळलं कधी?"

"तिसऱ्या दिवशी. पुढच्या प्रती लावायला घेतल्या तेव्हा चौदावा फर्मा कमी पडला. खाली बघतो तर स्टुलावर पंधरावा. तोवर साठ प्रती शाळेत पोचलेल्या. मालकाला सांगितलं. तो म्हणाला, गप्प बस, कुणी तीनशे पानं वाचत नाही. पुढच्या एकशे ऐंशी नीट केल्या, त्या बाहेरगावी गेल्या. साठांना चौदावा उरलाच नाही, त्या रद्दीत घातल्या. पंधराव्याचे जास्तीचे एकशे वीस फर्मेही रद्दीत."

कुणीतरी त्या पानांत साबण बांधून नेला असेल, या विचाराने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि त्यात काय लिहिलं होतं?"

"मी वाचलं नाही."

"बाबा!"

"बाइंडरने वाचायचं नाही. एकशे ऐंशी वेळा ते पान माझ्या हातातून गेलं, पोरी. एकशे ऐंशी वेळा. एकदा डोळे खाली केले असते तर..."

मला राग आला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. मी विचारलं, "आईला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. आधी वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. लक्षात आलं तेव्हा मास्तर गेले. मग वाटलं, पंधरावा फर्मा हातात आल्यावरच सांगू, नुसतं सांगून काय उपयोग. मग तू झालीस. मग आप्पा गेले. दर वेळी वाटायचं, आता फार उशीर झाला."

म्हणजे लोकांच्या घरी जाऊन हा माणूस कपाटं उघडत होता, ती त्या पुस्तकाच्या शोधात. मोजायची सवय त्यातूनच लागली. तीन गल्ल्या जास्त फिरायचा, कारण त्या गल्ल्यांत रद्दीची दुकानं होती. मला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी आणि त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. शेवटी मी ओरडले. वाचनालयाच्या खिडकीतून दोन डोकी बाहेर आली.

ग्रंथपाल बाईंना मी एवढंच सांगितलं, की पूर्ण प्रत मिळण्याची शक्यता आहे. त्यांनी छपाई पाच आठवडे थांबवली, त्याहून एक दिवस जास्त नाही म्हणाल्या. मी ऑफिसात बसून जुन्या पुस्तकांच्या दुकानांना फोन लावत सुटले. त्यापायी साहेबांनी दोनदा टोकलं. बहुतेकांना पुस्तकच माहीत नव्हतं. एकाकडे होतं, त्याला विचारलं, "दोनशे चोवीसनंतर कितवं पान आहे?" तो म्हणाला, "दोनशे नऊ. छपाईची चूक आहे, पण पुठ्ठ्यावरचं कापड चांगलं आहे." आमच्याच शहरातून कुणी नेलेली प्रत असणार. चौथ्या आठवड्यात पाच तासांवरच्या एका शहरातला दुकानदार म्हणाला, पुस्तक आहे. पान विचारल्यावर खेकसला, "मी पुस्तकं विकतो, फोनवर वाचून दाखवत नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही निघालो. आईला सांगितलं, बाबांचे डोळे दाखवायला नेतेय. दुकान एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. जिन्यापासूनच पुस्तकांचे ढीग सुरू होत होते, एका वेळी एकच माणूस आडवा होऊन चढेल एवढी जागा. दुकानदार संत्रं सोलत बसला होता. "हात पुसून घ्या," तो म्हणाला, जणू संत्रं आम्हीच खात होतो.

बाबांनी पुस्तक हातात घेतलं आणि कापडावरून बोट फिरवलं. मग नेहमीसारखं पाठीतला दोरा दिसेल तिथे उघडलं. एक. दोन. तीन. ओठ हलत होते. मी ओरडून म्हणणार होते की सरळ दोनशे पंचवीस काढा ना, पण त्यांना तसं येतच नाही. तेरा. चौदा: दोनशे सोळा आणि सतराच्या मध्ये दोरा. पुढचा दोरा निघाला, तिथे दोनशे बत्तीस आणि तेहेतीस.

"आहे," ते म्हणाले आणि मागच्या एका ढिगावर खाली बसले. कुणी न सांगता बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. दुकानदार म्हणाला, "अहो, तो विश्वकोश आहे!" पण बाबांना ऐकू गेलं नाही.

"तू वाच," त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी पान काढलं. खरं सांगते, मला फक्त एक वाक्य हवं होतं. तो आपला नावाडी नव्हता, असं. एवढं लिहिलेलं असेल तर बाकी पंधरा पानं कोरी असली तरी चालली असती. दोनशे पंचविसाव्या पानावर असं होतं:

"कोण होता, हे शोधण्यासाठी मी अकरा वर्षे घालवली. सतरा माणसांनी मला खात्रीने नावे सांगितली. ती पाच निरनिराळी निघाली. त्यांतले एकही मी सिद्ध करू शकलो नाही, म्हणून येथे एकही देत नाही. वाचकानेही देऊ नये, ही विनंती."

त्याच्यापुढे तोफांची माहिती सुरू होत होती.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच."

मी उरलेली पानंही चाळली. होडीचा उल्लेख पुन्हा कुठेच नव्हता. बाबा त्या विश्वकोशावर बसून राहिले. मला वाटलं होतं की फर्मा सापडला की या माणसाच्या जिवाला शांतता मिळेल. उलट परतीच्या बसमध्ये त्यांनी कहर केला. सीट सोडून उभे राहत, पुढे जात, मागे येत. कंडक्टर शेवटी म्हणाला, "आजोबा, चालतच जायचं होतं तर तिकीट कशाला काढलंत?"

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन ढीग, स्टूल, न बघितलेली शिडी, मालक, रद्दी. एकदाही खोली बदलली नाही. आईच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. मी पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला, ओळीखाली बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे मास्तर भला माणूस होता," ती म्हणाली.

तिने चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"चाळीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला. भला माणूस होता तो." मग तिने बाबांकडे बघितलं. "अहो, पानं तुमच्या हातून राहिली. होतं असं. घाईत कुणाच्याही हातून होतं. वाक्य लोकांनी पुरं केलं, ते काय तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना. पण मी मास्तरला शिव्या घालत होते तेव्हा तुम्ही समोर बसून जेवत होतात. रोज. वाढून घेत होतात माझ्याकडून."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले.

"आणि आप्पा त्या काचेसमोर उभे राहायचे, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

आई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. खोळ उलगडून तिने परत घडी घातली, मग ती घडीही मोडली. "ऐका आता," ती म्हणाली, "मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामालाही नाही. त्या पहाटे आप्पा घरात नव्हते. मला जाग आली, तर अंथरूण रिकामं. उजाडल्यावर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हात सोललेले. मला म्हणाले, झोप. जखमी आणायला गेले असतील. तीन दिवस आणतच होते की. नाहीतर..." ती थांबली. "मी विचारलं नाही. त्यांच्या म्हातारपणी रोज जेवण घेऊन जायचे, तेव्हा तोंडावर यायचं. पण विचारलं नाही. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?"

मी त्या क्षणी तिचा तिरस्कार केला, आणि पुढच्याच क्षणी स्वतःचा. मला आजोबा निर्दोष हवे होते. लहानपणापासून शाळेत, वर्गात, रस्त्यावर त्यांच्यासाठी भांडले होते मी. एका पोरीचा दातही पाडला होता.

"म्हणजे मीही गप्पच बसले," आई म्हणाली. "तेव्हा तुम्हाला मी काय बोलणार?" आणि खोळ बाजूला टाकत, "पण बोलणार आहे. सुटलात असं समजू नका."

तिने शब्द पाळला. दोन महिने त्यांच्याशी ती कामापुरतं बोलत होती, आणि काम काढत नव्हती. बाबांनी पुस्तक दुसऱ्याच दिवशी ग्रंथपाल बाईंच्या हातात दिलं, चूक कुणाची ते लिहून दिलं आणि खाली सही केली. नवी आवृत्ती वेळेवर निघाली. बाबांच्या हातची शिलाई नाही तिला, यंत्राने चिकटवलेली आहे. पण पानं सगळी आहेत. बाबांनी पन्नास प्रती मोजून बघितल्या, मग छापखान्याच्या पोरांनी त्यांना हात जोडले.

संग्रहालय उघडलं त्यानंतरच्या रविवारी दारावर थाप पडली. घड्याळवाला होता. ऐंशीच्या पुढे गेलेला, हातात काठी, काखेत नवं पुस्तक. आमच्या उंबऱ्याला त्याचा पाय कधी लागला नव्हता. आईने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"ताई," तो म्हणाला, "पाप झालं आमच्या हातून. मी पहिला होतो, मीच काचेला लावलं होतं. आज वाचलं. तुमचे वडील नव्हते. ते निर्दोष होते." त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. त्याच्यामागे जिन्यात आणखी दोन म्हातारे उभे होते, तेही माना हलवत होते.

हे वाक्य ऐकायला माझी आई चाळीस वर्षं थांबली होती. मी तिच्या मागेच होते. तिच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले, तर खांदा दगडासारखा घट्ट.

"असं कुठे लिहिलंय?" ती म्हणाली.

"म्हणजे... नाव नाही ना दिलेलं त्यात."

"तेव्हाही नव्हतं दिलेलं."

घड्याळवाल्याने मागच्या दोघांकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा गॅलरीच्या दारात उभे होते, पण गॅलरीत गेले नाहीत.

"आत या," आई म्हणाली. "बसा. चष्मा आणलाय ना? दोनशे पंचविसावं पान काढा. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू येईल असं."

तो बसला. पान शोधायला त्याला वेळ लागला. मग तो शाळेतल्या मुलासारखा एकेक शब्द वाचू लागला, आणि "वाचकानेही" या शब्दापाशी त्याचा आवाज थांबला.

"वाचा ना," आई म्हणाली. "पुढे वाचा."